उतारशाळेचा रक्षक

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त पूर्णा येथें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीचें वर्ष हें उपकारस्मरणाचें वर्ष होय. ज्यांच्या श्रमांनीं हा धर्मग्राम उभा राहिला त्या सर्वांची आठवण आपण ह्या दिवसांत करीत आहों, आणि तें योग्यच आहे. परंतु मागील ऋणाच्या स्मरणाबरोबर पुढील पिढीच्या वाटचालीचा विचार झाला नाहीं, तर महोत्सव पताका व तोरणें यांपुरताच राहावयाचा. म्हणून आमच्या मुलामुलींच्या उपजीविकेशीं संबंध असलेला एक विषय मीं आज निवडला आहे. जे रोगी लवकर बरे होत नाहींत, किंवा मुळींच बरे व्हावयाचे नसतात, अशा पंगु, वृद्ध व असाध्य रुग्णांची शुश्रूषा हा एक स्वतंत्र, शास्त्रशुद्ध आणि मानाचा व्यवसाय आहे. त्याला शिक्षण लागतें, आणि त्याला योग्य वेतन मिळालें पाहिजे. एवढेंच मला सांगावयाचें आहे.

भल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपण बाळपणापासून ऐकत आलों आहों. येरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटसरूस लुटारूंनीं मारून अर्धमेला टाकिलें. याजक आला, पाहून पुढें गेला. लेवी आला, तोही पुढें गेला. शोमरोनी मात्र थांबला. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधिल्या, आणि त्या मनुष्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें. येथपर्यंतची कथा सर्वांस तोंडपाठ असते. पण पुढें काय झालें? दुसऱ्या दिवशीं शोमरोनी आपल्या वाटेनें निघून गेला. जखमी मनुष्य उतारशाळेंतच राहिला. त्याच्या पट्ट्या कोणीं बदलल्या असतील? त्याला कुशीवर कोणीं वळविलें असेल? त्याला अन्न कोणीं भरविलें असेल, आणि पुन्हां पायांवर उभें राहतांना हात कोणीं दिला असेल? उतारशाळेच्या रक्षकानें. शुभवर्तमानांत त्याचें नांव नाहीं. त्याच्या तोंडचा एक शब्दही नाहीं. परंतु प्रभूनें त्याच्यासंबंधीं दोन गोष्टी सांगितल्या आहेत. शोमरोन्यानें त्याच्या हातांत दोन दिनार ठेविले. आणि अधिक खर्च झाल्यास परत येईन तेव्हां फेडीन, असें वचन दिलें. म्हणजे ह्या कामाला पुष्कळ दिवस लागतात हें शोमरोनी जाणत होता, आणि ह्या कामाचें मोल द्यावयाचें असतें हेंही तो जाणत होता. हा उतारशाळेचा रक्षक हाच माझा आजचा विषय होय.

नर्सिंग म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शस्त्रक्रियागृह, अपघात-विभाग किंवा प्रसूतिगृह उभें राहतें. तेथें रोगी येतो, थोड्या दिवसांत बरा होतो, आणि जातांना सर्वांस धन्यवाद देतो. दीर्घकालीन शुश्रूषा ह्याहून निराळी. तिचे स्थूलमानानें तीन प्रकार आहेत. पहिला पुनर्वसनाचा : पाठीचा कणा मोडलेला, अर्धांगवायूनें एक बाजू गेलेली, अथवा पाय तोडावा लागलेला मनुष्य उरलेल्या शक्तीनें जगावयास शिकतो, त्याला शिकविण्याचा. दुसरा दीर्घ निवासाचा : वृद्धाश्रमांतील दुर्बल वृद्ध, स्मृति हरपलेले रोगी, वर्षानुवर्षें अंथरुणास खिळलेले, ह्यांच्या नित्य सांभाळाचा. तिसरा उपशमनाचा : कर्करोगासारख्या व्याधींत औषधांचा उपाय संपल्यावर वेदना कमी करून शेवटपर्यंत सोबत करण्याचा.

ह्यावर आईबाप विचारतात, "रोगी बराच होत नाहीं, तर मग परिचारिकेनें केलें काय?" प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याला इतिहासानें उत्तर दिलें आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं पाठीचा कणा मोडून कमरेखालचें अंग लुळें पडलेला मनुष्य बहुधा फार दिवस जगत नसे. तो कण्याच्या इजेनें मरत नसे. एकाच बाजूवर पडून राहिल्यानें होणारे शय्याव्रण, ज्यांस रुग्णालयांत बेडसोअर म्हणतात, आणि मूत्रमार्गांतील जंतुदोष हेच त्याचा प्राण घेत. १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें डॉक्टर लुडविग गुटमन ह्यांनीं अशा सैनिकांसाठीं एक विभाग उघडिला. हे गृहस्थ यहुदी. हिटलरच्या जुलमामुळें जर्मनी सोडून आलेले. त्यांचा मुख्य भरंवसा कोणत्याही नव्या औषधावर नव्हता, तर शुश्रूषेवर होता. रोग्यास दिवसा व रात्रीं दर दोन तासांनीं कुशीवर वळवावयाचें. त्वचा स्वच्छ व कोरडी ठेवावयाची. मूत्राशय निर्जंतुक रीतीनें रिकामा करावयाचा. आणि शक्य तितक्या लवकर त्याला बसवून कांहीं काम, कांहीं खेळ हातीं द्यावयाचा. मरणाच्या यादींत घातलेलीं माणसें जगलीं, घरीं परतलीं, नोकऱ्या करूं लागलीं. १९४८ सालीं तेथें चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची जी स्पर्धा झाली, तिच्यापासूनच आजच्या पॅरालिंपिक स्पर्धा वाढल्या.

त्या परंपरेचें एक फळ आपल्या महाराष्ट्राच्या पदरींही पडलें आहे. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे सैनिक १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाले आणि त्यांचें कमरेखालील अंग निकामी झालें. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत त्यांनीं ५० मीटर पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पदक त्यांच्या पराक्रमाचें, ह्यांत शंका नाहीं. परंतु गोळी लागलेला मनुष्य पाण्यांत उतरण्याइतका सावरण्यापूर्वीं त्याची त्वचा अखंड राखावी लागते, त्याचे सांधे हलते ठेवावे लागतात, त्याच्या मनाला धीर द्यावा लागतो. हीं कामें ज्या हातांनीं होतात त्यांस पदक मिळत नाहीं. पण त्या हातांवांचून पदकही मिळत नाहीं.

आतां हीं कामें प्रत्यक्ष कशीं असतात तें थोडें सांगतों. शय्याव्रण हाडाच्या उंचवट्यावर होतात : माकडहाडावर, टांचांवर, कुल्ल्यांच्या बाजूंस. पहिलें चिन्ह म्हणजे बोटानें दाबलें तरी न जाणारा लाल डाग. काळ्यासांवळ्या त्वचेवर तो लाल न दिसतां काळसर दिसतो, किंवा ती जागा हातास गरम व कठीण लागते. आमच्या घरांतील मायाळू सून ती जागा पाहून तेल घेऊन चोळावयास बसते. तिचा हेतु शुद्ध असतो. पण दबून गेलेली त्वचा चोळल्यानें आंतून अधिक फाटते. तेथें चोळणें नव्हे, भार काढणें हा उपाय. तसेंच रोग्यास ओढून सरकवूं नये; त्याच्याखालीं दुहेरी चादर घालून दोघांनीं उचलून सरकवावें. अर्धांगवायूच्या रोग्यास निजलेल्या स्थितींत पेज पाजूं नये. ताठ बसवून, लहान घास देऊन, गिळल्याची खात्री करून मग दुसरा द्यावा. नाहींतर अन्न फुप्फुसांत जातें. त्याच्या लुळ्या हातास धरून त्याला कधीं उठवूं नये, कारण खांद्याचा सांधा सुटतो. हीं सर्व लहानसहान कामें दिसतात. पण त्यांतील प्रत्येकांत रोग्याचे जगण्यामरण्याचे दिवस सांठविलेले आहेत. प्रेम असलें म्हणजे तीं येतात असें नाहीं. तीं शिकावीं लागतात.

म्हणूनच ख्रिस्तसभेच्या संतांनींही आधीं शिक्षण घेतलें आणि मग सेवा केली. मदर तेरेसा ह्यांनीं १९४८ सालीं मठ सोडल्यावर कलकत्त्याच्या गल्ल्यांत उतरण्यापूर्वीं पाटण्याच्या होली फॅमिली रुग्णालयांत मेडिकल मिशन सिस्टरांपाशीं शुश्रूषेचे धडे घेतले. काळीघाटचें निर्मल हृदय १९५२ सालीं त्यानंतर उघडलें. मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांचे संत दामियन आपणांस ठाऊक आहेत. १८८९ सालीं ते त्याच रोगानें वारले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत तेथें जाऊन पोहोंचलेल्या आणि पुढें तीस वर्षें तें काम चालविणाऱ्या संत मारियान कोप ह्यांचें नांव मात्र आपल्यापैकीं थोड्यांसच माहीत असेल. त्या न्यूयॉर्क प्रांतांत रुग्णालय चालवून आलेल्या अनुभवी धर्मभगिनी होत्या. स्वच्छतेचे नियम, विशेषतः हात धुण्याचा नियम, त्यांनीं इतका कडक पाळविला कीं त्यांच्या एकाही धर्मभगिनीस तो रोग जडला नाहीं. १९१८ सालीं त्या निवर्तल्या; २०१२ सालीं त्यांस संतपद मिळालें. भक्ति आणि साबण ह्यांत विरोध नाहीं, हें त्यांच्या चरित्रानें दाखविलें आहे.

कुष्ठरोगाची गोष्ट निघाली म्हणून आपल्याच लोहमार्गावरील एक ठिकाण सांगतों. पूर्णेहून नांदेड, बासर, निजामाबाद करीत गाडी पुढें गेली कीं डिचपल्लीचें स्टेशन लागतें. तेव्हां पूर्णा व डिचपल्ली हीं दोन्हीं ठिकाणें निजामच्या राज्यांत होतीं. तेथें १९१५ सालीं डॉक्टर इसाबेल कर आणि त्यांचे पति जॉर्ज कर ह्या मेथॉडिस्ट मिशनच्या दंपतीनें कुष्ठरोग्यांसाठीं मोठें रुग्णालय उभारिलें. ते आपल्या पंथाचे नव्हते. पण शोमरोनी तरी येरुशलेमच्या पंथाचा कोठें होता? १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणें अनेक औषधें एकत्र देण्याचा उपचार सुरू झाला आणि कुष्ठाचे जंतु मारणें सुलभ झालें. परंतु जंतु मेले तरी बधिर झालेला पाय पुन्हां जाणता होत नाहीं. त्यांत कांटा रुतला तरी कळत नाहीं, निखाऱ्यावर पडला तरी कळत नाहीं. म्हणून रोज पाय पाण्यांत भिजविणें, त्यावर तेल लावणें, आरशांत तळवा पाहणें, मऊ रबराच्या वहाणा घालणें, ह्या गोष्टी जन्मभर कराव्या लागतात. मधुमेहानें बधिर झालेल्या पायांसही रोज तळवा पाहणें व मऊ वहाणा घालणें लागू आहे, आणि मधुमेह तर आज प्रत्येक गल्लींत आहे. औषध रोग संपवितें. मनुष्य उभा राहतो तो शुश्रूषेनें.

आपल्या राज्यांत ह्या शास्त्राचीं केंद्रें आहेत. मुंबईस हाजी अली येथें पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून चालूं आहे. पुण्याजवळ खडकी येथें कणा मोडलेल्या सैनिकांचें पुनर्वसन केंद्र १९७४ सालीं निघालें. वांद्रें येथें मौंट मेरीच्या टेकडीवर शांति आवेदना सदन हें असाध्य कर्करोग्यांसाठीं असलेलें भारतांतील पहिलें निवासस्थान १९८६ सालीं डॉक्टर लुईस डिसोझा ह्यांनीं स्थापिलें, आणि तेथील शुश्रूषेचें काम होली क्रॉसच्या धर्मभगिनींनीं पत्करिलें. परंतु हीं सर्व ठिकाणें पूर्णेपासून किती दूर आहेत! आपल्या भागांत कणा मोडतो तो झाडावरून किंवा विहिरींत पडून, मोटारसायकलच्या अपघातांत, नाहींतर जड ओझ्याखालीं. रोगी मोठ्या रुग्णालयांत जातो, शस्त्रक्रिया होते, आणि मग त्याला घरीं आणून खाटेवर निजवितात. तेथून पुढें काय करावें हें घरांत कोणासच ठाऊक नसतें. वृद्धांची अवस्थाही अशीच. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें साठ वर्षांवरील माणसें देशांत दहा कोटींहून अधिक, आणि एकट्या महाराष्ट्रांत सुमारे १ कोटी ११ लक्ष होतीं. रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झालेलीं किती जोडपीं आज एकटीं राहतात, आणि त्यांचीं मुलें पुण्यामुंबईस आहेत, हें आपणांस मोजून दाखविण्याची आवश्यकता नाहीं.

आतां तरुणांकडे वळतों. हा व्यवसाय शिकावयाचा तर मार्ग असे आहेत. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तो मुलींसाठीं असून कोणत्याही शाखेची बारावी त्याला चालते. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बी. एस्सी. नर्सिंगची पदवी चार वर्षांची, आणि तिला बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. हे दोन्ही मुलगे व मुली ह्यांस खुले आहेत. नोंदणी झाल्यावर एक वर्षाच्या विशेष पदविका आहेत. त्यांत अस्थिरोग व पुनर्वसन, वृद्धांची शुश्रूषा, कर्करोग आणि मनोरोग ह्या शाखा आहेत. आज मी ज्या कामाविषयीं बोलत आहें त्याचे खरे दरवाजे हेच. प्रवेश घेण्यापूर्वीं त्या संस्थेस भारतीय परिचर्या परिषदेची व महाराष्ट्राच्या परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं हें स्वतः पाहावें. मान्यतेवांचून मिळालेला कागद हा केवळ कागद होय.

मुलांस मी विशेष सांगतों. हें बायकांचें काम आहे असें समजूं नका. रोग्यांचे व परिचारकांचे पालक संत कामिलस हे एक पुरुष होते, सैनिक होते, आणि तारुण्यांत जुगारी होते. त्यांच्या पायाची जखम जन्मभर बरी झाली नाहीं. रोमच्या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयांत रोगी म्हणून ते आले, तेथेंच सेवक झाले, आणि पुढें रोग्यांच्या सेवेसाठीं संघ काढून त्यांनीं आपल्या बांधवांच्या झग्यावर तांबडा क्रूस लाविला. ज्या मनुष्यास स्वतःस आराम पडला नाहीं त्याच्यापाशींच ख्रिस्तसभेनें शुश्रूषेचें पालकत्व दिलें आहे. आजही आपल्या रुग्णालयांत परिचारिकेस "सिस्टर" आणि परिचारकास "ब्रदर" म्हणतात. हें मठांतलें नातें रोग्याच्या खाटेजवळ राहिलें आहे, हें विसरूं नका.

आतां वेतनाविषयीं स्पष्ट बोलणें अवश्य आहे. "ही सेवा आहे" ह्या शब्दाआड पुष्कळ ठिकाणीं परिचारिकांस अपुरें वेतन दिलें जातें. आणि दुःखाची गोष्ट ही कीं धर्माचें नांव लावणाऱ्या संस्थाही ह्यास सर्वत्र अपवाद नाहींत. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या समितीनें अशी शिफारस केली कीं पन्नासांहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन असूं नये, आणि दोनशेंहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत तें सरकारी वेतनाइतकें असावें. ही शिफारस कागदावर आहे; ती प्रत्येक खाटेपर्यंत पोहोंचलेली नाहीं. व्रतस्थ धर्मभगिनीनें वेतनाचा त्याग करणें हें तिचें दान होय. परंतु जिच्या घरीं म्हातारे आईबाप व शिकणारीं भावंडें आहेत तिच्याकडून तोच त्याग परस्पर वसूल करणें हें दान नव्हे. शोमरोन्यानें रक्षकास उपदेश केला नाहीं. त्यानें दोन दिनार मोजून दिले.

परदेशाचा विचारही आज घरोघरीं होतो. जर्मनींत वृद्ध फार झाले आहेत आणि त्यांस सांभाळणारे हात थोडे आहेत. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेंबर्ग ह्या राज्याशीं कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यांत परिचारिकांचाही समावेश आहे. जावयाचें असेल त्यानें जावें. परंतु आधीं त्या देशाची भाषा नीट शिकावी, दलालाची सरकारी नोंदणी तपासावी, आणि करार वाचल्यावांचून सही करूं नये. परक्या देशांत बहुधा वृद्धांच्या निवासांतच काम मिळतें, हेंही समजून जावें. म्हणजे ज्या कामास येथें नाक मुरडलें तेंच काम तेथें आदरानें करावें लागतें.

ह्या कामांत क्लेश नाहींत असें मी म्हणणार नाहीं. रोगी उचलून पाठ दुखते. स्मृति गेलेला म्हातारा तोच प्रश्न दिवसांत चाळीस वेळां विचारतो. आणि ज्यास वर्षभर भरविलें तो एके सकाळीं जातो. म्हणून उचलण्याची योग्य रीत, ठराविक विश्रांति आणि आपसांत मन मोकळें करण्याची सवय ह्या गोष्टी परिचारिकेसाठीं चैन नव्हेत, अवजारें होत. बेथेस्दाच्या तळ्याकांठीं अडतीस वर्षें पडून राहिलेल्या मनुष्याची तक्रार आठवा. आपल्याला तळ्यांत उतरविणारा कोणी मनुष्य नाहीं, हेंच तो प्रभूस म्हणाला. अशा रोग्यांस आजही औषधाहून आधीं उणीव असते ती माणसाची.

शेवटीं धर्मग्रामास माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली : ज्युबिलीच्या निधींतून एका तरी गरीब मुलीच्या किंवा मुलाच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा भार पूर्ण तीन किंवा चार वर्षें उचलावा, एका वर्षाची मदत देऊन मध्येंच सोडूं नये. दुसरी : आपल्यांतील प्रशिक्षित परिचारिकांनीं वर्षांतून दोनदां येथेंच एक दिवसाचा वर्ग घ्यावा, आणि रोग्यास कुशीवर वळविणें, भरविणें, उचलणें, बधिर पाय तपासणें ह्या चार गोष्टी घरोघरच्या माणसांस हातानें करून दाखवाव्या. त्या वर्गास सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांस बोलवावें. तिसरी : जे घराबाहेर पडूं शकत नाहींत त्यांची यादी असावी. फादर त्यांच्याकडे पवित्र कम्युनियन घेऊन जातात. त्यांच्यामागें कोणी तरी तासभर थांबावें, म्हणजे रात्रंदिवस जागणाऱ्या त्या घरच्या माउलीस तासभर निजतां येईल.

संत ऑगस्टिन ह्यांनीं ह्या दृष्टांताचा अर्थ सांगतांना शोमरोनी म्हणजे प्रभु आणि उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा असें म्हटलें आहे. हें खरें असेल तर पूर्णेचा हा धर्मग्रामही एक उतारशाळाच होय, आणि आगगाड्या थांबणाऱ्या ह्या गांवीं ती शोभतेही. प्रभूनें जखमी मनुष्य आपल्या हातीं सोंपविला आहे, आणि जें अधिक खर्च होईल तें परत येईन तेव्हां फेडीन, असें वचनही दिलें आहे. तोंवर त्याला कुशीवर वळविण्याची वेळ चुकूं देऊं नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.